नापासांची संहिता : बार्बियानाच्या मुलांचे पत्र आणि इटलीतील मधली शाळा

शाळेतील अपयशाविषयीचे उपलब्ध लेखन बहुतांशी नापास करणाऱ्यांचे असते, किंवा नापास होण्यातून वाचलेल्यांचे. समित्यांचे अहवाल पहिल्या वर्गात मोडतात. पुढे लेखक झालेल्यांची बालपणावरील आत्मकथने दुसऱ्या. प्रत्यक्ष नापास झालेल्या मुलांनी आपल्या अपयशाची कारणमीमांसा ग्रंथरूपाने मांडावी आणि त्या ग्रंथाने एका देशाच्या शिक्षणविचाराला वळण द्यावे, हे दुर्मिळच. मे १९६७ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झालेले ‘लेत्तेरा आ उना प्रोफेसोरेस्सा’ म्हणजे ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक या दुर्मिळ प्रकारातले आहे. मुखपृष्ठावर लेखक म्हणून कोणाही व्यक्तीचे नाव नाही. ‘बार्बियानाची शाळा’ एवढाच उल्लेख आहे. लिहिणारी आठ मुले तोस्कानातील डोंगराळ भागातल्या शेतकरी-कामकरी कुटुंबांतली होती.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हे पत्र वाचले जाते, त्यातील सुधारणांची चर्चा होते, आणि बहुधा विषय तेथेच संपतो. त्याच्याकडे एक वाङ्मयीन रचना म्हणून पाहिले की निराळीच गोष्ट ध्यानात येते. गरिबांची मुले मधल्या इयत्तांत मागे का पडतात, या प्रश्नाचे पत्राने दिलेले उत्तर त्याच्या प्रतिपादनात जेवढे आहे तेवढेच त्याच्या घडणीत आहे. मुलांना नापास केले ते प्रामुख्याने भाषेच्या परीक्षेत, आणि त्यांनी प्रत्युत्तर दिले तेही भाषेतच, मात्र शाळेला ठाऊक नसलेल्या एका लेखनप्रकारात.

पत्राचा रोख समजण्यासाठी तत्कालीन इटलीच्या शाळाव्यवस्थेची थोडी ओळख आवश्यक आहे. इटलीच्या राज्यघटनेच्या चौतिसाव्या अनुच्छेदाने किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व विनामूल्य ठरविले होते. व्यवहारात मात्र पाच वर्षांच्या प्राथमिक शाळेनंतर वाटा फुटत. एक वाट लॅटिन शिकविणाऱ्या आणि पुढे महाविद्यालयापर्यंत नेणाऱ्या शाळेची. दुसरी व्यवसायाभिमुख शाळेची, जेथून पुढे कारखान्याशिवाय फारसे कोठे जाता येत नसे. अकरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य या फाट्यावर ठरे. ३१ डिसेंबर १९६२ च्या १८५९ क्रमांकाच्या कायद्याने हा फाटा बंद केला आणि अकरा ते चौदा वयाच्या सर्व मुलांसाठी तीन इयत्तांची एकच मधली शाळा निर्माण केली. आपल्याकडील सहावी ते आठवीशी तिची ढोबळ तुलना करता येईल. १९६३ च्या ऑक्टोबरात ही शाळा सुरू झाली. कायद्याने दार उघडले. आत आलेल्या मुलांना वर्षअखेरीस त्याच दाराने बाहेर घालविण्याचा शिक्षकांचा अधिकार मात्र तसाच राहिला. पत्राचा पहिला आणि सर्वांत जळजळीत भाग या विसंगतीवर आहे.

बार्बियाना हे गाव म्हणावे असे गावही नव्हे. फ्लॉरेन्सच्या ईशान्येस मुजेल्लोच्या खोऱ्यात, विक्योच्या हद्दीत, मोन्ते जोवी या डोंगराच्या उतारावर एक चर्च आणि दूरदूर विखुरलेली घरे. डिसेंबर १९५४ मध्ये लोरेन्झो मिलानी हा एकतीस वर्षांचा धर्मगुरू तेथे पाठविला गेला तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. त्याआधी कालेन्झानो येथे त्याने कामगार तरुणांसाठी चालविलेली रात्रशाळा वरिष्ठांना रुचली नव्हती. ही बदली म्हणजे एक प्रकारची हद्दपारीच होती. मिलानी फ्लॉरेन्समधील सधन, सुविद्य घराण्यातला. व्हर्जिलच्या मध्ययुगीन प्रतिमेवरील ख्यातनाम ग्रंथाचे कर्ते दोमेनिको कोम्पारेत्ती हे त्याचे पणजोबा. युरोपीय भाषाशास्त्राची आणि अभिजात पांडित्याची जी परंपरा पुढे शालेय अभ्यासक्रमाच्या रूपाने डोंगरातल्या मुलांना नापास करीत होती, तिच्याच घरात वाढलेल्या माणसाने त्या मुलांची शाळा काढावी, हा योगायोग कोम्पारेत्तींचे नाव जाणणाऱ्या अभ्यासकाला जाणवल्याखेरीज राहत नाही.

प्राथमिक शाळा संपलेल्या मुलांसाठी मिलानीने चर्चलगतच्या खोलीत वर्ग सुरू केला. वर्षाचे ३६५ दिवस शाळा, सुट्टी नाही. वर्तमानपत्र हेच मुख्य पाठ्यपुस्तक, परकीय भाषांवर भर, आणि मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचे हा नियम. शिस्त कठोर होती. मुले बाहेरून राज्याच्या परीक्षांना बसत. १९६३ नंतर खालच्या गावांतल्या नव्या सरकारी शाळेतून नापास झालेली मुलेही चढण चढून वर येऊ लागली. त्यामुळे बार्बियानाच्या त्या खोलीत नव्या मधल्या शाळेच्या अपयशाचा पुरावा रोज बाकावर येऊन बसे. त्यातला एकजण पुढे शिक्षक होण्यासाठी अध्यापक विद्यालयात गेला आणि तेथेही नापास झाला. पत्र लिहिले आहे ते त्याला नापास करणाऱ्या बाईंना.

पत्राच्या केंद्रस्थानी दोन पात्रे आहेत. जान्नी हा डोंगरातला मुलगा, पिएरिनो हा डॉक्टरांचा. पिएरिनो शाळेत आला तोच वाचायला शिकून. त्याच्या घरातली भाषा हीच पुस्तकाची भाषा आहे. शाळा दुपारी सुटली तरी त्याची खरी शाळा घरी चालूच राहते, आणि गरज पडलीच तर शिकवणीची सोय आहे. जान्नीची शाळा दुपारी संपते ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दरम्यान मेंढरे आहेत, लाकूडफाटा आहे. ही दोन्ही नावे व्यक्तींची कमी आणि वर्गांची अधिक आहेत, हे मुलांनी लपविलेले नाही. तरीही जान्नी ठोकळेबाज होत नाही, याचे कारण त्याच्याभोवतीचे तपशील. व्यायामाच्या परीक्षेचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. परीक्षक मुलांपुढे चेंडू टाकून बास्केटबॉल खेळायला सांगतात. बार्बियानाच्या मुलांनी तो खेळ कधी पाहिलेलाही नाही. परीक्षकांना त्यांच्या वंचित बालपणाची कीव येते. हीच मुले ओकच्या झाडावर चढून कुऱ्हाडीने भलीमोठी फांदी तोडतात आणि बर्फावरून ओढत घरच्या दारापर्यंत आणतात. शरीरबळाचा अभाव कोठेच नाही. अभाव आहे तो शाळेने मोजायला घेतलेल्या एका विशिष्ट कौशल्याचा. फ्रेंचच्या परीक्षेची कथा हाच मुद्दा उलट बाजूने मांडते. अनियमित अनेकवचनांसाठी प्रसिद्ध असलेले, पण रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे शब्द पाठ असलेला विद्यार्थी उत्तीर्ण होतो. फ्रान्समध्ये त्याला शौचालय कोठे आहे हे विचारता येणार नाही.

पत्राचे सर्वांत मौलिक कार्य आहे ते शाळेच्या नोंदवहीचे वाचन. मुलांनी शाळांतून आकडे जमविले, राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची प्रकाशने तपासली, तक्ते आणि आलेख काढले. इटालियन भौतिकशास्त्र परिषदेने या संख्याशास्त्रीय भागाबद्दल त्यांना पारितोषिक दिले. आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांनी उघड केलेली एक दृष्टिभ्रमाची यंत्रणा. समजा, एका वर्गात तीसेक मुले आहेत आणि त्यांतली सहा जूनमध्ये नापास झाली. ऑक्टोबरात बाई पुढच्या इयत्तेत जातात तेव्हा त्या इयत्तेत आधीच नापास झालेली मुले त्यांच्या वर्गात येऊन बसतात. पटावरची संख्या जवळपास तेवढीच राहते. गेलेल्या सहांपैकी काही खालच्या इयत्तेत दुसऱ्या कोणाच्या वर्गात आहेत, काही कोठेच नाहीत. बाईंना वर्ग भरलेला दिसतो. गळती दिसत नाही. त्यांची नोंदवही हजर असलेल्यांची असते. गैरहजर होऊन कायमचा नाहीसा झालेला मुलगा हा त्या संहितेचा विषयच नसतो.

या यंत्रणेला कायद्याची एक तरतूद पूरक ठरे. मधल्या शाळेचे प्रमाणपत्र मिळाले नाही तरी आठ वर्षांची सक्ती पाळलेली असली आणि वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाली की विद्यार्थी सक्तीतून मुक्त होई, मग तो कोणत्याही इयत्तेत असो. प्राथमिक शाळेत दोनदा नापास झालेल्या मुलाची आठ वर्षे मधल्या शाळेच्या पहिल्याच इयत्तेत भरत. म्हणजे नापास करणे ही वर वर पाहता एका वर्षाची शिक्षा, प्रत्यक्षात ती शाळेतून काढून टाकण्याची आज्ञा ठरे. शेतावर किंवा कारखान्यात हातांची गरज असलेल्या घराला हा निर्णय फारसा अनपेक्षितही वाटत नसे. मुलाला अभ्यास झेपत नाही असे खुद्द शाळेने सांगितले, तेव्हा बापाने वेगळे काय म्हणावे? गेलेली मुले बापाच्या व्यवसायानुसार विभागली की चित्र स्पष्ट होई : शेतकरी आणि मजुरांची मुले झपाट्याने गळत, डॉक्टर-वकिलांची जवळजवळ नाहीच. बुद्धी जन्मतः बापाच्या व्यवसायाबरहुकूम वाटली जात असेल असे मानले तरच शाळा निर्दोष ठरते, हा मुलांचा युक्तिवाद. तो आजही खोडून काढणे कठीण आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे. जान्नीला ‘असणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदातला ‘ह’ लिहिता येत नाही. हा ‘ह’ उच्चारात नाही, केवळ लेखनात आहे. लिपीतल्या एका मूक अक्षरावर मुलाचे वर्ष जावे, यातली विसंगती मराठी वाचकाला ऱ्हस्व-दीर्घाच्या अनुभवावरून सहज कळेल. शिवाय जान्नीच्या घरी रेडिओला ‘आरादिओ’ म्हणतात. लहान मूल बोबड्या बोलात काही भलतेच म्हणते तेव्हा बाप त्याला गंभीरपणे सुधारतो आणि ‘आरादिओ’ हा ‘शुद्ध’ शब्द सांगतो. म्हणजे त्या घरातही शुद्धाशुद्धविवेक आहे, पिढीकडून पिढीकडे सोपविलेला आदर्श आहे. तो शाळेचा नाही एवढेच. ‘पानी’ म्हणणाऱ्या घरातले मूल ‘पाणी’ म्हणणाऱ्या वर्गात येते तेव्हा जे घडते त्याहून हे भिन्न नाही. पत्राची भूमिका बोलीचे गुणगान करण्याची मात्र नाही. जान्नीने ‘रादिओ’ म्हणायलाही शिकावे, ती भाषा त्याच्या उपयोगाची आहे, असे मुले स्पष्ट मानतात. त्यांचा आक्षेप एवढाच की, ती शिकण्याआधीच त्याला हाकलू नये. भाषा हेच माणसांना समान पातळीवर आणणारे साधन आहे, ही मिलानीची श्रद्धा होती. म्हणूनच तिच्या नावाने माणसे वेगळी काढणे त्याला असह्य होई.

हा वाद तोस्कानात घडावा, यात इतिहासाचा उपरोध आहे. इटालियन साहित्यभाषेचा पाया फ्लॉरेन्सच्या बोलीचा. इटलीचे राजकीय एकीकरण झाले त्या काळी देशातली जेमतेम अडीच टक्के माणसे ही भाषा बोलू शकत होती, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे, आणि त्यांतली बहुसंख्य याच परिसरातली. ज्या मातीतून प्रमाण भाषा निघाली तिथलीच मुले तिच्या परीक्षेत नापास होत होती. तेव्हा अंतर बोली आणि प्रमाण भाषा यांच्यातले म्हणण्यापेक्षा जिवंत भाषा आणि पाठ्यपुस्तकातील भाषा यांच्यातले आहे, असे म्हणणे अधिक योग्य. पत्रात विन्चेन्त्सो मोन्ती यांच्या ‘इलियड’च्या अनुवादावर टीका आहे ती या संदर्भात वाचावी लागते. होमरविषयी मुलांची तक्रार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झालेला, कधीच कोणी न बोललेल्या इटालियनमधला अनुवाद भाषेचा आदर्श म्हणून बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवला जातो, आणि त्यांच्या बापांचे नोकरीचे करारनामे किंवा वर्तमानपत्रातली बातमी कशी वाचावी हे मात्र कोणी शिकवीत नाही, ही तक्रार आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांसाठी हा भाग काहीसा अडचणीचा आहे आणि तसा तो असावाही. अभिजात ग्रंथांची यादी कोणी ठरविली हा प्रश्न विद्याशाखेत नेहमी विचारला जातो. त्या यादीमुळे कोणाचे वर्ष गेले हा प्रश्न क्वचितच.

निबंधाच्या परीक्षेचा प्रसंग तर मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. मधल्या शाळेच्या अंतिम परीक्षेत विषय होता : आगगाडीचे डबे बोलू लागतात. आपल्याकडे फाटक्या छत्रीपासून पडक्या किल्ल्यापर्यंत अनेकांनी आत्मवृत्ते सांगितली आहेत, त्याच कुळातला हा विषय. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आत्मवृत्त खरोखर आहे त्याला डब्याचे आत्मवृत्त लिहायला सांगणे हा या निबंधप्रकाराचा अंगभूत विनोद आहे. लिहिणे ही उपजत देणगी आहे, ती शिकविता येत नाही, अशी बाईंची धारणा. बार्बियानाची धारणा नेमकी उलट. लेखन हे सुतारकामासारखे शिकता येण्याजोगे काम आहे, आणि त्याची रीत पत्रातच उघड करून सांगितली आहे.

ती रीत अशी. प्रत्येकाच्या खिशात लहान वही असते. विचार सुचेल तसा तो टिपायचा, एका कागदावर एकच. एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, पुनरुक्त बाजूला काढायच्या, सारख्या आशयाच्यांचे ढीग करायचे. मोठे ढीग म्हणजे प्रकरणे, त्यांतले लहान ढीग म्हणजे परिच्छेद. मग क्रमाविषयी वाद. कात्री आणि गोंद यांनी पहिला खर्डा तयार होतो. त्याच्या प्रती सर्वांना वाटल्या जातात आणि काटछाट सुरू होते : अनावश्यक शब्द, जड शब्द, विशेषणे, एका वाक्यात कोंबलेल्या दोन कल्पना. शेवटी बाहेरची माणसे बोलावून त्यांना वाचून दाखवायचे. ती फार शिकलेली नसतील तर उत्तम. त्यांना जे समजले नाही ते पुन्हा लिहायचे. या पद्धतीला निमित्त झाले ते प्राथमिक शिक्षक मारियो लोदी यांचे. १९६३ मध्ये ते बार्बियानाला आले आणि पियादेना भागातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांशी बार्बियानाचा सामूहिक पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे हेच तंत्र एका ग्रंथाएवढ्या पत्रासाठी वापरले गेले.

या रीतीचे फलित पत्राच्या शैलीत पानोपानी दिसते. वाक्ये तोकडी, विशेषणे विरळ, परिच्छेद दोन-तीन ओळींचे. परीक्षेच्या निबंधात वेळेची मर्यादा असते, येथे नाही. निबंध एकट्याने लिहायचा असतो आणि शेजाऱ्याची मदत ही चोरी ठरते. येथे मदत हीच पद्धत. निबंधाचा वाचक एकच, गुण देणारा. येथे अर्धशिक्षित श्रोता हा शेवटचा परीक्षक. शाळेने ज्या गोष्टींसाठी मुलांना नापास केले होते त्या एकेक करून उलट्या केल्या की पत्राची रचना हाती येते.

पत्रातला निवेदक ‘मी’ म्हणून बोलतो, पण हा ‘मी’ आठजणांचा आहे. एका मुलाचे अध्यापक विद्यालयातील अपयश, दुसऱ्याची परीक्षा, तिसऱ्याचा परदेशप्रवास हे सर्व एका प्रथमपुरुषात मिसळले आहे. भारतीय वाचकाला येथे दलित आत्मकथनांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), ओमप्रकाश वाल्मीकि यांचे हिंदीतील ‘जूठन’ (१९९७) या सर्वांत शाळा हे निर्णायक स्थळ आहे. ‘जूठन’मध्ये मुख्याध्यापक मुलाला वर्गाऐवजी शाळा झाडायला लावतात, आणि पुढे रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाने त्याचे वर्ष जाते. प्रात्यक्षिकाचे गुण शिक्षकाच्या हाती असतात, हे तेथेही कळीचे ठरते. साम्य ढोबळ मानून चालणार नाही. तोस्कानातल्या मुलाला वर्गात बसू देत होते, त्याच्या स्पर्शाचा विटाळ होत नव्हता. दारिद्र्य आणि जात यांची यंत्रणा एक नव्हे. रचनेच्या पातळीवरचा भेद त्याहून उद्बोधक आहे. आत्मकथनाचा ‘मी’ हा पार पडलेला असतो. त्याचे लेखन हाच तो वाचल्याचा पुरावा असतो, आणि सोबतचे भाऊबंद मागे राहिल्याची वेदना त्याच्या स्वरात असते. बार्बियानाच्या ‘मी’ने हे ओझे वाटून घेतले आहे. कोणा एकाच्या यशाने संपणारी गोष्ट तो सांगतच नाही. याची किंमतही आहे : ‘बलुतं’मधील माणसांना जो स्वतंत्र चेहरा आहे तो पत्रातल्या कोणालाच नाही. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो जान्नी शेवटपर्यंत तृतीयपुरुषीच राहतो.

मिलानीचा हात किती, हा प्रश्न पुस्तक आल्यापासून विचारला गेला. त्याचे विचार, त्याचा उपरोध, त्याची बायबलसदृश लय अनेक ठिकाणी ओळखू येते, हे मान्य केले पाहिजे. पण तो त्या वेळी हॉजकिनच्या रोगाने अंथरुणाला खिळत चालला होता; पुस्तक निघाल्यानंतर जेमतेम महिनाभरात, २६ जून १९६७ रोजी तो वारला. शिवाय लेखकत्व एकट्याचेच असते हे गृहीतकच या पुस्तकाने वादात ओढले असताना ‘खरा लेखक कोण’ असे विचारणे म्हणजे पुन्हा बाईंच्याच परीक्षापद्धतीकडे जाणे होय.

संबोधनाचा प्रश्न अनुवादांच्या तुलनेत विशेष खुलतो. इटालियनमध्ये प्राथमिक शिक्षिका ‘माएस्त्रा’, तिच्यावरच्या शाळेतील ‘प्रोफेसोरेस्सा’. या दोन शब्दांमध्ये पगार, पदवी आणि सामाजिक वर्ग यांचे अंतर आहे, आणि पत्राचा सारा राग त्या अंतरावर बेतलेला आहे. १९७० च्या इंग्रजी अनुवादातील ‘टीचर’ या शब्दात हे अंतरही नाहीसे होते आणि स्त्रीलिंगही. ‘अध्यापक के नाम पत्र’ या हिंदी शीर्षकात ती पुरुष होते. मराठी अनुवादाचे नाव ‘प्रिय बाई’. ‘बाई’ या शब्दात वर्गातली जवळीक, दरारा आणि घरगुतीपणा एकत्र नांदतात. मूळ शब्दातली पदाची पायरी त्यात उतरत नाही, पण वर्गातले नाते उतरते, आणि हे पत्र शेवटी एका नात्याविषयी आहे. मराठी शीर्षक मुळाहून मवाळ आहे, तरी मुळाच्या अधिक जवळ जाते असे म्हणता येईल. स्त्रीलिंग पुन्हा दिसू लागले की पत्राची एक उणीवही दिसू लागते. लिहिणारी आठही मुले पुरुषजातीची, आरोपी मात्र स्त्री. खालच्या गावातील मुलींना त्यांच्या घरच्यांनी बार्बियानाला पाठविले नाही, याची खंत पत्रात आहे. पण त्या मुलींनी बाईंना काय लिहिले असते याचा विचार तेथे नाही. बार्बियानाच्या कामात मधल्या शाळेची एक शिक्षिका, आदेले कोर्रादी, १९६३ पासून सहभागी होती. तिचे आठवणींचे पुस्तक २०१२ मध्ये आले. ते पत्रासोबत वाचले की बाईंच्या बाजूचा अवकाश थोडा भरतो.

पत्राच्या सूचना तीन. सक्तीच्या शिक्षणात नापास करू नये. मागे पडणाऱ्यांना पूर्ण दिवसाची शाळा द्यावी. कंटाळलेल्यांना शिकण्याचे प्रयोजन द्यावे. या तीन सूचना मिळून एक वाक्य होते, त्याचे तुकडे करता येत नाहीत. इटलीने प्राथमिक शाळेत पूर्ण दिवसाची सोय १९७१ च्या कायद्याने केली; सक्तीच्या शिक्षणातील गुणांक आणि फेरपरीक्षा १९७७ च्या कायद्याने रद्द झाल्या. १९७३ मध्ये धातुकामगारांनी आपल्या करारात १५० तास पगारी शिक्षणाचा हक्क मिळविला. अनेक प्रौढ कामगार त्या तासांच्या बळावर मधल्या शाळेचे राहिलेले प्रमाणपत्र घ्यायला परतले. जान्नी वयाच्या चाळिशीत पुन्हा वर्गात आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतात शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत पुन्हा परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तसा नियम केला. ढकलत नेलेल्या मुलांना वाचता येत नाही, हे कारण सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण तीनांपैकी पहिली, म्हणजे बिनखर्चाची, सूचना अमलात आणून दुसरीसाठी पैसा व तिसरीसाठी शिक्षक न देणे, आणि मग पहिलीच फसली असे जाहीर करणे, याला पत्राची कसोटी म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात हा हिशेब जुना आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हे दाखवून दिले होते. जान्नीच्या बापाच्या करातून पिएरिनोचे शिक्षण चालते, हे बार्बियानाच्या मुलांनी आकडे मांडून दाखविले ते त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी, फुल्यांचे नावही ठाऊक नसताना.

इटलीत पत्रावर टीका थांबलेली नाही. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीने ते निशाणासारखे मिरविले. मिरविणारे बहुसंख्य पिएरिनोच होते, ही बाब तेव्हा फारशी कोणाला खटकली नाही. १९९२ मध्ये कादंबरीकार सेबास्तियानो वास्साल्ली यांनी मिलानीवर वृत्तपत्रातून घणाघाती लेख लिहिला. २०२१ मध्ये पाओला मास्त्रोकोला आणि लुका रिकोल्फी यांनी, शाळेने अपेक्षा कमी केल्यामुळे नुकसान झाले ते गरिबांच्याच मुलांचे, असे ग्रंथरूपाने मांडले. या आक्षेपात तथ्य आहे. सधन घर शाळेच्या ढिलाईची भरपाई करते, गरीब घर करू शकत नाही. मात्र वर्षाला एकही सुट्टी न देणाऱ्या, विशेषणाविशेषणावर वाद घालणाऱ्या शाळेला अपेक्षा कमी करणारी म्हणणे पुस्तक न वाचताच शक्य आहे.

पत्राचा शेवट विलक्षण आहे. मुले उत्तराची वाट पाहतात. संबोधित बाई उत्तर देतील अशी आशा त्यांनी सोडलेली आहे. पण कोणा दुसऱ्या विद्यालयातून, कोणी दुसरी शिक्षक व्यक्ती लिहील असा भरवसा त्यांना आहे, आणि ते उत्तर कसे असेल याची कल्पनाही त्यांनी करून ठेवली आहे. परिणामी पुस्तकातला अखेरचा आवाज विद्यार्थ्यांचा नाही. तो शिक्षकाचा आहे, आणि तो मुलांनी लिहिलेला आहे.